चावलेली मेंढी

मिनेर्वा ओलिवासला मोजल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवता येत नसे. मेओकी गावाच्या आसपासच्या गोठ्यांतलं दूध ज्या कारखान्यात येई, तिथल्या प्रयोगशाळेत ती सोमवार ते शुक्रवार दुधाची आम्लता आणि स्निग्धांश तपासायची. शनिवारी मात्र ती सान इसिद्रोच्या चर्चला लागून असलेल्या बुटक्या खोलीत सतरा मुलांची बाई असे. त्या खोलीला सगळे ओसरी म्हणत. चर्चच्या आत जाण्याआधी लहान मुलांनी जरा टेकावं, अशी ती जागा.

ओसरीतली टेबलं मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागत. सगळा कारभार मोंतेसरी पद्धतीचा. आपलं काम मुलाने आपणच निवडायचं, हवा तितका वेळ करायचं आणि झालं की वस्तू फळीवर जागच्या जागी ठेवायची. ओतायला पाण्याचे चंबू होते, घासायला पितळी मेणबत्तीदाण्या होत्या. त्यांच्या शेजारीच वीतभर उंचीची वेदी होती, तिच्यावर भातुकलीत शोभेलसा प्याला होता. आणि खिडकीखालच्या टेबलावर लाकडी कुंपणाचा मेंढवाडा होता. त्यात दहा मेंढ्या आणि एक मेंढपाळ.

चौतीस वर्षं ही खोली दोन्या कूकांनी, म्हणजे कूकाबाईंनी, चालवली. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांनी किल्ली मिनेर्वाच्या हातात दिली. मिनेर्वा लहानपणी याच खोलीत शिकलेली. किल्लीबरोबर दोन्या कूकांनी दोन नियमही दिले होते. मूल कामात असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हा पहिला. आणि मेंढ्या म्हणजे कोण, हे मुलाला कधीही सांगायचं नाही, हा दुसरा.

शुभवर्तमानातली मेंढपाळाची गोष्ट सांगायची, तीही कमीत कमी शब्दांत. मेंढपाळाला आपली एकेक मेंढी नावाने ठाऊक असते. तो हाक मारतो, पुढे चालतो. त्या त्याचा आवाज ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत. एवढं सांगून बाईने बाजूला व्हायचं. मग मूल महिनोन्‌महिने त्या मेंढ्या आत नेतं, बाहेर आणतं, आणि एक दिवस त्याचं त्यालाच कळतं. मिनेर्वाला कळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि घरी मोजे घालत होती. एक मोजा पायात, एक हातात. ती तशीच किती वेळ बसून राहिली होती. पुढे रसायनशास्त्र शिकताना पुष्कळ गोष्टी उमगल्या, पण त्या मोज्याच्या वेळेसारखं पुन्हा काही झालं नाही.

"आपण सांगितलं की पोर मान हलवतं आणि विसरून जातं," दोन्या कूका म्हणायच्या. "ज्याचं त्याला सापडू दे. आपण वाटेत उभं राहायचं नाही, बास."

फादर एवारिस्तो ऑगस्टमध्ये बदलून आले. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, डोंगराकडचे. झग्यावर चामड्याचा पट्टा आणि त्याला बशीएवढं पितळी बक्कल. ओसरीच्या दारात ते पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा चौकट भरून गेली.

"मिनेर्वाबाई, पहिल्या कम्युनियनच्या शिकवणीला बासष्ट मुलं आहेत," ते म्हणाले. "माझ्याकडे बाकं चाळीस जणांची. बाकीची खिडकीत बसतात, वटवाघळांसारखी."

"हो, फादर."

"आणि इथे सतरा. तीही पितळ घासताहेत."

पितळ घासत होता पाच वर्षांचा बाल्तासार. त्याने मान वर केली, फादरच्या कमरेकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "फादर, तुमचं पण घासून देऊ? लई काळं पडलंय."

फादरना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीतच ठेवलं. मेंढवाड्यापाशी वाकून त्यांनी एक मेंढी चिमटीत उचलली. "ह्या दूध देतात का हो? नाही, तुमच्या कारखान्याला उपयोग झाला असता." मग गंभीर होत म्हणाले, "मी वाईट बोलत नाही हो, बाई. पण मला ही खोली लागेल. ही इवली टेबलं काढली तर इथे चार बाकं बसतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी सकाळभर इथे बसतो. मुलं काय शिकताहेत ते मला दिसलं तर ठीक. नाही दिसलं, तर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बाकं आत."

चौतीस वर्षं चाललेली खोली आपल्या हातून दीड वर्षात बंद पडणार, या विचाराने मिनेर्वाचं जेवणावरचं लक्ष उडालं. ती काटेकोर होती. काटेकोर माणसं घाबरली की आणखी काटेकोर होतात. तिने वही काढली.

वही तशी पहिल्यापासूनच होती. कोणतं मूल किती वाजता काय उचलतं, किती वेळ करतं, चुकलं तर स्वतः सुधारतं का, हे सगळं ती लिहून ठेवायची. आता तिने मागची सगळी पानं पुन्हा वाचली. सोळा मुलांबद्दल चिंता नव्हती. सतरावी होती सुलेमा.

सुलेमा साडेसहा वर्षांची, हनुवटीखाली तीन टाक्यांची खूण असलेली. गेल्या पावसाळ्यात आक्रोडाच्या ट्रॉलीवरून पडली होती. तिच्या नावापुढे सहा शनिवार एकाच तऱ्हेची नोंद होती: "मेंढवाडा. मेंढी हातात. डोळे मिटलेले. बारा मिनिटं. झोप?" पुढच्या शनिवारी चौदा मिनिटं. त्याच्या पुढच्या शनिवारी एकोणीस.

सुलेमाची आई नोएमी वायरिंगच्या कारखान्यात पाळीने कामाला होती. मिनेर्वाने तिला दारात गाठलं.

"नोएमी, पोरीची झोप नीट होते का गं?"

"झोप? साडेआठला दिवा मालवायच्या आत घोरते ती. का?"

"इथे डोळे मिटून बसते."

"अगो बाई, घरी पण तसंच! परवा चमच्यांच्या खणात हात घालून बसलेली. मी म्हटलं काय करतेस, तर म्हणते गप ना आई. मला म्हणते गप! आजीवर गेलीय पार."

मिनेर्वाने ते ऐकलं आणि शास्त्रीय सल्ला दिला, की डोळे तपासून घ्या. नोएमीने बिचारीने एक सुट्टी मोडून पोरीला देलिसियासला डॉक्टरकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले. मिनेर्वाने वहीत तेही टिपलं, पण "झोप?" मात्र तशीच राहू दिली.

मग तिची नजर मेंढ्यांवर गेली.

बाकीच्या वस्तू कशा नेमक्या होत्या! एकावर एक रचायच्या गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एकाच रंगाचे, एकाच लाकडाचे. फरक फक्त आकाराचा, म्हणजे मुलाचं लक्षही तेवढ्यावरच राहतं. प्रयोगशाळेतही हाच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं. मेंढ्या मात्र दहा तऱ्हेच्या. दोन्या कूकांचे दिवंगत यजमान, सुतार प्लुतार्को, यांनी त्या हातात येईल त्या तुकड्यातून कोरलेल्या. कुणी आक्रोडाची, कुणी पॉप्लरची, एक दगडासारख्या टणक मेस्कीटच्या लाकडाची. एकीचा कान उडालेला, एकीच्या पाठीला बारीक खड्डे पडलेले. मिनेर्वाने त्या रुमालात बांधून प्रयोगशाळेत नेल्या आणि तराजूवर ठेवल्या. सगळ्यांत हलकी अठ्ठावीस ग्रॅम, सगळ्यांत जड सदुसष्ट. तिने ओठ आवळले. गोष्ट आहे आवाज ऐकण्याची, मग मुलाचं लक्ष तुटक्या कानाकडे का जावं? ह्यात मन गोंधळणारच, पोर पेंगणारच.

तिने देलिसियासच्या एका कारखान्याकडून यंत्रावर कापलेल्या दहा मेंढ्या मागवल्या. एकाच पाइनच्या फळीतून, एकाच साच्याने. आल्यावर वजन केलं: एकेचाळीस ग्रॅम, फरक कुठेही अर्ध्या ग्रॅमच्या वर नाही. तिला फार बरं वाटलं. जुन्या मेंढ्या तिने बुटांच्या खोक्यात घातल्या, खोकं कपाटावर ठेवलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी नव्या मेंढ्या कुंपणाआड एका ओळीत उभ्या केल्या.

शनिवारी फादर नऊला दोन मिनिटं कमी असताना आले. मोठी खुर्ची खोलीत नव्हतीच. ते मुलांच्या खुर्चीवर बसले आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

"आरामात आहात ना, फादर?" मिनेर्वाने विचारलं.

"सेमिनरीत याहून हाल काढलेत. तुम्ही चालू द्या."

मुलं आली. एकाने फळीवरून चंबू उतरवला, दोघी वेदीवर कापड अंथरायला लागल्या, बाल्तासारने फडकं आणि पॉलिशची डबी घेतली आणि सरळ फादरसमोर बैठक मारली. फादरनी एकदा मिनेर्वाकडे पाहिलं, एकदा बाल्तासारकडे. मग मुकाट्याने पट्टा सोडून बक्कल त्याच्या हवाली केलं. खोलीत आवाज होता तो पाणी ओतल्याचा आणि फडक्याचा. मिनेर्वाला वाटलं, चाललंय, छान चाललंय.

सुलेमा मेंढवाड्याशी गेली. मांडी ठोकून बसली, एक मेंढी उचलली, डोळे मिटले. मिनेर्वाची नजर फादरकडे गेली. आजही? आज तरी नको गं बाई.

पण सुलेमाने लगेच डोळे उघडले. मेंढी खाली ठेवली, दुसरी घेतली. डोळे मिटले, अंगठा पाठीवरून, पोटावरून, कानांवरून फिरवला. पुन्हा उघडले. तिसरी. चौथीपर्यंत तिची भिवई वर चढत गेली. मग तिने एकेक करून दहाही मेंढ्या कुंपणाच्या बाहेर काढल्या आणि टेबलाच्या कडेला ठेवल्या. रिकाम्या मेंढवाड्यात मेंढपाळ एकटाच उभा राहिला.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली. ओसरीत सगळे हळूच बोलत. "ह्या आपल्या नाहीत."

"नव्या आहेत, सुलेमा. चांगल्या आहेत."

"चांगल्या आहेत, पण तो ह्यांना हाक कशी मारणार?"

"म्हणजे?"

"ह्या सगळ्या एकच आहेत." तिने मेंढपाळाकडे बोट केलं. "त्याला कसं कळणार कोण आली नि कोण राहिली? आमच्या कुठे गेल्या? जाडी कुठाय? आजी?"

मिनेर्वाच्या डोक्यात वहीची पानं एकामागून एक उलटायला लागली. बारा मिनिटं, चौदा, एकोणीस. चमच्यांचा खण. डोळे ठणठणीत. अठ्ठावीस ग्रॅम ते सदुसष्ट. सगळी आकडेवारी तिच्याच हातात होती, तिच्याच अक्षरात, आणि ती त्याच्यापुढे "झोप?" लिहून मोकळी झाली होती. पोर झोपत नव्हती. पोर मेंढ्यांची ओळख करून घेत होती. आणि आपण वाटेत उभ्या राहिलो, नुसत्या उभ्याच नाही, तर अख्खा कळप उचलून कपाटावर ठेवला.

फादर बघत होते. सांगता आलं असतं, की मुलांना नव्या वस्तूंची सवय व्हायला वेळ लागतो. ते खोटंही नव्हतं. मिनेर्वा कपाटाशी गेली, चवड्यांवर उभी राहून तिने खोकं काढलं आणि सुलेमासमोर गुडघे टेकले.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. फादरना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. "तू काय करतेस ते मला समजलंच नव्हतं. मला वाटलं, तू झोपतेस."

सुलेमाने तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "बसून कोण झोपतं, बाई?"

तिने खोक्यात हात घातला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि डोळे घट्ट मिटले. एक मेंढी बाहेर आली. अंगठा एकदाच फिरला. "आजी. हिला सुरकुत्या आहेत." ती कुंपणात गेली. "कानतुटकी." ती गेली. "जाडी. ही थंड पण लागते." मेस्कीटचं लाकूड दाट असतं, हातातली ऊब ते पटकन ओढून घेतं, हे मिनेर्वाला पुस्तकातून ठाऊक होतं. या पोरीला बोटातून कळलं होतं. "पिल्लू. हलकी असते ना, ती. कुबडी. चावलेली. गुळगुळी..." दहाव्या मेंढीपर्यंत ती कुठेही अडखळली नाही. मग डोळे उघडून तिने आपलं काम तपासलं, जसं कुठल्याही कामानंतर ओसरीत तपासायचं असतं, आणि मान डोलावली.

फादर खुर्ची सोडून जमिनीवर येऊन बसले होते. पट्ट्याशिवायचा झगा सावरत त्यांनी विचारलं, "मला जमेल का गं हे?"

"डोळे मिटा," सुलेमा म्हणाली. "फटीतून बघायचं नाही."

"नाही बघत."

"मोठी माणसं बघतात."

फादरनी आपले मोठाले हात पुढे केले. तिने एक मेंढी तळव्यावर ठेवली.

"ही... कानतुटकी."

"हिला दोन्ही कान आहेत, फादर!" बाल्तासार लांबूनच म्हणाला. सुलेमाने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. काम चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक असायला हवं होतं.

"मग आजी?"

"ही कुबडी. सावकाश, फादर. तुमची अजून ओळख नाही झाली."

तिसरी मेस्कीटची होती. फादरनी ती नुसती तोलली. "जाडी," ते म्हणाले आणि जिंकल्यासारखे हसले. सुलेमानेही मोठ्या मनाने मान्य केलं, की पहिल्या दिवसासाठी हे बरं आहे.

मेंढी परत देता देता फादरनी सहजच तो प्रश्न विचारला. "मग काय गं, ह्या मेंढ्या म्हणजे कोण?"

हा प्रश्न ओसरीत कुणी विचारत नसे. त्याने मुलावर दडपण येतं, मूल मोठ्यांना हवं ते उत्तर शोधू लागतं. खोली वाचवायला ते उत्तर आत्ता हवं होतं. दोन शब्दांची कुजबुज पुरली असती. मिनेर्वाने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

सुलेमाने फादरकडे पाहिलं. "मेंढ्या," ती म्हणाली. हे काय विचारणं झालं?

"बरोबर," फादर म्हणाले, आणि मिनेर्वाला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

ते उठायच्या बेतात होते. सुलेमाने चावलेल्या मेंढीला मेंढपाळाच्या अगदी जवळ नेलं, मग तिचा हात थांबला. ती कुंपणाकडे बघत राहिली. मग तिने मेंढी सोडून तोच हात हळूच हनुवटीखाली नेला आणि टाक्यांच्या खुणेवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, जसा ती मेंढ्यांवरून फिरवायची. तिचे डोळे मोठे झाले.

"मला पण," ती म्हणाली. कुणाला सांगत नव्हती. "त्याला मी पण कळेन. अंधारात पण. इथून."

आणि ती हसली. तोंडभर नाही, आतल्या आत काहीतरी गोड लागल्यासारखी.

ही एका मोज्याची वेळ होती, आणि ती मिनेर्वाच्या डोळ्यांदेखत, चार फुटांवर आली होती. चुकूनमाकून खोकं कपाटावरच राहिलं असतं तर? हा विचार तिच्या मनाला शिवून गेला. राहिलं नव्हतं. देवा, राहिलं नव्हतं.

फादर एवारिस्तो बराच वेळ जमिनीवरच बसून होते. मुलं गेल्यावर, बाल्तासारने लख्ख केलेलं बक्कल पट्ट्यात ओवत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या वडिलांच्या ऐंशी बकऱ्या होत्या. दिवे गेले की गोठ्यात शिरून ते नुसते कान चाचपायचे आणि सांगायचे, ही अमकी, ही तमकी, काळी आली नाही. आणि खरंच काळी आलेली नसायची. मी वीस वर्षं त्या मेंढपाळावर प्रवचन देतोय, बाई. वडिलांचे हात मला कधी आठवले नव्हते."

मिनेर्वाने त्यांना कॉफी दिली आणि बरोबर डुकराच्या आकाराचा गुळाचा पाव. त्यांनी डुकराचं डोकं आधी खाल्लं.

"बाकं पडवीत लावतो," ते म्हणाले. "थंडी वाजेल. डोंगरात आम्हाला वाजायचीच. कायमचा शब्द देत नाही हं, ईस्टरपर्यंत बघू. पण मला शनिवारी अर्धा तास यायचंय. नऊ जणींची ओळख बाकी आहे."

ते गेल्यावर मिनेर्वाने खोली आवरली. टेबलाच्या कडेला दहा नव्या मेंढ्या होत्या. निघण्याआधी सुलेमाने त्यांच्याकडे बघून सांगितलं होतं, "ह्यांना राहू दे, बाई. नुकत्याच आल्यात. हात लागत गेले की होतील वेगवेगळ्या." मिनेर्वाने त्यांना दुसऱ्या फळीवर जागा करून दिली.

मग तिने वही उघडली. प्रयोगशाळेत चुकीची नोंद खोडरबरने पुसत नाहीत. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, आणि शेजारी बरोबर काय ते लिहून सही करायची. तिने सहाही शनिवारच्या "झोप?"वर रेघा मारल्या. शेजारी लिहिलं: "काम." सहा वेळा लिहिलं, सहा सह्या केल्या. अक्षर नीट आलं.

दुपारी ती दोन्या कूकांकडे गेली तेव्हा त्या अंगणात उन्हात बसून आक्रोड फोडत होत्या. मांडीवर टोपलं, बाजूला काठी टेकवलेली. मिनेर्वाने सगळं सांगितलं, नव्या मेंढ्यांचंही सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"यंत्रावर कापलेल्या!" दोन्या कूका म्हणाल्या. "अगं, प्लुतार्कोला मी हेच म्हटलं होतं. खोली उघडली तेव्हा. अहो, दोन तरी सारख्या करा, लोक हसतील. दोन सारख्या जमल्याच नाहीत त्याला. मी आठवडाभर धुसफुसत होते." आक्रोडाचं टरफल त्यांच्या हातातच राहिलं. "चौतीस वर्षं त्या मेंढ्या मी पुसल्या गं, मिने. दर शुक्रवारी. माझ्या डोक्यात कधी आलं नाही."

"तुम्हालाही ठाऊक नव्हतं?"

"मला? मला कोण सांगणार? आपण सांगायचं नाही असा नियम आहे ना." आणि त्या इतक्या हसल्या की टोपलं कलंडायला आलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बिचारा प्लुतार्को. आज इथे हवा होता. त्याची क्षमा मागितली असती."

मिनेर्वाने खिशातून एक मेंढी काढली. पाठीला खड्डे पडलेली, आक्रोडाच्या लाकडाची. "ही दुरुस्त करावी का, तेवढं विचारायला आणलीय. सुलेमा हिला चावलेली म्हणते. उंदराने कुरतडली असेल, पुढे भेग पडू नये."

दोन्या कूकांनी मेंढी घेतली आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. मग त्यांनी डोळे उघडले नाहीत, नुसत्याच गालात हसत राहिल्या.

"उंदीर! अगं, ती तू चावलीस."

"मी?"

"पहिल्याच महिन्यात. पाच वर्षांची होतीस. दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती तुला. घरी न्यायची होती, मी नको म्हटलं, तर घेतलीस तोंडात! मी प्लुतार्कोला म्हटलं, दुसरी करून द्या. त्याने उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. म्हणाला, राहू दे, आता कळते तरी कुणाची ती."

मिनेर्वाने मेंढी हातात घेतली. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तराजूवर तिनेच हिला ठेवलं होतं, त्रेचाळीस ग्रॅम, आणि शेरा लिहिला होता: "पृष्ठभाग खराब." तिने डोळे मिटले. पाठीवर चार बारीक खड्डे, खाली पोटाला तीन. मध्ये एक जागा रिकामी. त्या वर्षी तिचा पुढचा दात पडलेला होता.

ऊन मानेवर येत होतं. शेजारी आक्रोड फुटल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मिनेर्वाने डोळे उघडले नाहीत. कोणाकोणाचे आभार मानायचे याचा हिशेब तिला लावता येईना, म्हणून ती नुसता अंगठा फिरवत राहिली, त्या रिकाम्या जागेवरून, पुन्हा पुन्हा.